वर्गातला मदतनीस पालक : वाचकांचे प्रश्न

पालकसभेत बाई विचारतात, "आठवड्यातून एक तास वर्गात मदतीला कोण येईल?" आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. यायची तयारी बऱ्याच जणांची असते, पण वर्गात जाऊन नेमकं करायचं काय, हे कुणाला ठाऊक नसतं. या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

मुलगी दुसरीत आहे, वर्गाचा पट 42. मी मदतीला येऊ का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "या की केव्हाही." दोनदा गेले आणि दोन्ही वेळा मागच्या बाकावर नुसती बसून आले. माझं काय चुकलं?
*– एक आई, सातारा*

'केव्हाही' या शब्दात घोटाळा झाला. तुम्ही दारात उभ्या राहिलात त्या क्षणी बाईंसमोर 42 मुलं होती आणि फळ्यावर अर्धं गणित होतं. तुम्हाला काय काम द्यायचं, याचा विचार करायला त्यांना उसंतच नव्हती.

बाईंना शाळा सुटल्यावर दहा मिनिटं भेटा आणि तीन गोष्टी ठरवून घ्या : वार, तास आणि काम. "मी मंगळवारी तिसऱ्या तासाला येईन, पाच मुलांचं वाचन ऐकेन, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत येईन," इतकं नेमकं बोला. पहिला तास टाळा. परिपाठ, हजेरी, आहाराची संख्या कळवणं, गैरहजर मुलांची चौकशी, सगळं तेव्हाच चालू असतं. पाच मुलांची नावं आदल्या दिवशी चिठ्ठीवर मागून घ्या, म्हणजे वर्गात शिरताना बाईंना थांबवावं लागत नाही.

एकदा तास ठरला की तो पाळायचा. जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळीच कळवा. बाईंनी त्या तासाला वर्गाचे गट तुमच्या भरवशावर पाडलेले असतात. तुम्ही आला नाहीत तर तो गट मोकळा राहतो आणि शेजारच्या दोन गटांचंही लक्ष उडवतो. उत्साहाने आठवड्यातले तीन दिवस कबूल करून महिन्याभरात गळण्यापेक्षा एकच तास घ्या आणि सहा आठवडे नेटाने चालवा.

वाचन ऐकायचं म्हणजे काय करायचं? मूल चुकलं की लगेच सांगायचं का? मी सांगते, पण मग ते प्रत्येक शब्दाला माझ्या तोंडाकडे बघत बसतं.
*– एक पालक, नाशिक*

तोंडाकडे बघणं हीच खूण आहे की तुम्ही फार लवकर सांगता. थोडं सविस्तर लिहितो, कारण पालकांच्या हातून वर्गात होण्यासारखं सर्वांत मोलाचं काम हेच आहे. 42 मुलांच्या वर्गात एकेका मुलाचं रोज दहा मिनिटं वाचन ऐकायचं तर बाईंचे सात तास त्यातच जातील.

बसण्यापासून सुरुवात करू. समोरासमोर बसू नका, तोंडी परीक्षेसारखं वाटतं. शेजारी बसा, पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवा, पान उलटायचं काम मुलाकडे द्या. जागा वर्गातच, पण कोपऱ्यात. व्हरांड्यात बसाल तर येणारा-जाणारा प्रत्येक जण वाकून बघतो. एका मुलाला आठ ते दहा मिनिटं द्या, त्यापुढे दुसरीतलं मूल थकतं आणि अंदाजाने ठोकायला लागतं.

मूल अडलं की मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच अंक फार लांब वाटतात, पण एवढ्या वेळात पुष्कळदा शब्द त्याचा त्यालाच सुटतो. नाही सुटला तर शब्दावर बोट ठेवून फक्त पहिलं अक्षर म्हणा. तरीही नाही जमलं तर पूर्ण शब्द सांगून मोकळे व्हा आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचायला लावा. एका शब्दावर मिनिटभर झटापट झाली की मागच्या वाक्याचा अर्थ मूल विसरून गेलेलं असतं. एका पानावर पाच-सहा शब्द अडले तर पुस्तकच अवघड आहे. तसं बाईंना सांगा, मुलाला नको.

मराठी वाचताना मुलं नेमकी कुठे अडतात ते माहीत असलेलं बरं. पहिली वेलांटी : 'दिवा' या शब्दात डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग 'द', म्हणून मूल तिथे घुटमळतं. वेलांटीसकट 'दि' एकदम बोटाने झाका आणि एकदम उघडा. मग रफार. 'सूर्य' मधला र डोक्यावर बसतो 'य'च्या, उच्चारायचा मात्र 'य'च्या आधी. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी-शेजारी लिहून एकदा म्हणून दाखवा, फरक कानाला लगेच कळतो. जोडाक्षरांत 'म्ह', 'न्ह', 'ल्ह' सोपी जातात, कारण ती तोंडात रुळलेली असतात : म्हैस, उन्हाळा, कोल्हा. 'ज्ञ', 'क्ष', 'द्ध' मात्र चित्रासारखी ओळखावी लागतात, तिथे फोड करायला लावू नका.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. 'पाणी' लिहिलेलं असताना मूल 'पानी' म्हणालं, 'डोळा'ऐवजी 'डोला' म्हणालं, तर त्याला थांबवू नका. त्याने अक्षर ओळखलंय, शब्द ओळखलाय, अर्थही कळलाय, उच्चार फक्त घरचा केलाय. तिथे टोकलं की मुलाला वाटतं आपण वाचायलाच चुकलो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या आईचं बोलणं चुकीचं आहे असं वाटतं. परप्रांतातून आलेल्या कुटुंबातलं मूल 'चूल' मधला 'च' 'चार' मधल्या 'च'सारखा म्हणेल. मराठीत एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत, ते त्याला ऐकून-ऐकूनच येणार. वाक्य संपल्यावर तुम्ही बोलण्याच्या ओघात "हो, चूल पेटवली तिने" असं म्हटलंत की पुरे. पण 'पाणी'चं 'पान' वाचलं तर मात्र थांबवा, कारण तिथे शब्दच बदलला.

शेवटी एक प्रश्न विचारा, एकच, आणि ज्याचं उत्तर हो-नाहीत येणार नाही असा : "कोल्हा तिथून का पळाला असेल?" तुमच्या वहीत मुलाचं नाव, पान क्रमांक आणि अडलेले दोन-तीन शब्द लिहा. 'कच्चा', 'हुशार' असले शेरे लिहू नका. बाईंना उपयोग होतो तो शब्दांचा, त्यावरून पुढच्या आठवड्याचा फळा ठरतो.

मी वर्गात गेलो की माझा पहिलीतला मुलगा माझ्याच मांडीवर येऊन बसतो, दुसऱ्या मुलांना जवळ येऊ देत नाही. जाणं थांबवू का?
*– एक बाबा, ठाणे*

थांबवायची घाई नको. पहिलीत हे होतंच. आदल्या रात्री त्याला तीन गोष्टी सांगून ठेवा : मी कधी येणार, कुणाबरोबर बसणार, आणि जाताना तुला हात करून जाणार. पहिले चार आठवडे त्याच्या गटाचं काम घेऊच नका, तसं बाईंना सांगून ठेवा. तो उठून आला तर त्याला एक छोटं काम देऊन परत पाठवा, उदाहरणार्थ खडूचा डबा बाईंना नेऊन देणं. वर्गात इतर मुलं तुम्हाला 'काका' म्हणतील. तुमच्या मुलाने 'बाबा' म्हटलं तर म्हणू द्या, 'इथे मी काका' असली सक्ती सहा वर्षांच्या मुलाला कोड्यात टाकते.

उलट चूकही होते, ती जास्त दिसते. आपण पक्षपाती दिसू नये म्हणून पालक स्वतःच्याच मुलाला सगळ्यांसमोर रागावतात. तो ओरडला तर शेजारच्या मुलाला जेवढं बोलला असता तेवढंच बोला. पाच-सहा आठवड्यांनंतरही तो रडत असेल, तर महिनाभर दुसऱ्या तुकडीत मदत करा.

मी सातवी शिकले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मातापालक गटात नाव घातलंय, पण वर्गात गेले की वाटतं आपल्याला काय येतं? मुलांसमोर चुकले तर?
*– एक आई, जालना जिल्हा*

ताई, पहिली-दुसरीच्या गणिताला लागतं ते तुमच्याकडे भरपूर आहे. 2022 मध्ये राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झालं, त्यात आयांचे गट केले आणि घरच्या वस्तू वापरून करायच्या कृतींची आयडिया कार्डं त्यांच्या हाती दिली. त्यातल्या कृतींना पदवी लागत नाही, हात लागतात.

एक काम सांगतो. मराठी आकड्यांची नावं मुलांना फार छळतात. 'त्रेपन्न' ऐकलं की कानावर आधी 'त्रे' येतं, म्हणून मूल आधी 3 लिहितं, मग 5, आणि उत्तर होतं 35. 'एकोणपन्नास'मध्ये 'पन्नास' ऐकू येतं म्हणून 59 लिहितं. हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आणली गेली आणि त्यावर राज्यभर वाद झाला.

त्यावर उपाय हातातला. घरच्या केरसुणीच्या किंवा तुराटीच्या बोटभर लांब काड्या घ्या, टोकं घासून बोथट करा. दहा-दहाचे दहा गठ्ठे रबराने बांधा आणि दहा काड्या सुट्या ठेवा, म्हणजे एका गटाला 110 काड्या लागतात. चार मुलं सतरंजीवर बसवा. तुम्ही म्हणा "त्रेपन्न". मुलांनी आधी गठ्ठे उचलायचे : पाच. मग सुट्या : तीन. आणि ज्या क्रमाने उचलले त्याच क्रमाने पाटीवर लिहायचं. 'एकोणपन्नास'ला पन्नासाचे पाच गठ्ठे ठेवायला लावा आणि विचारा, "एक काडी काढून घ्यायची, कुठून काढू?" मुलांना गठ्ठा सोडावा लागतो, आणि चार गठ्ठे नऊ काड्या समोर उरल्या की 'एकोण' म्हणजे एक कमी हे डोळ्यांना दिसतं. गठ्ठा मुलांनीच सोडायचा. तुम्ही सोडून दिलात तर सगळी मेहनत वाया.

चिंचोके आणि सागरगोटेही चालतात, पण पहिलीच्या खालच्या मुलांना देऊ नका, ती तोंडात किंवा नाकात घालतात. आणि चुकलात तर "थांबा, मी चुकले, पुन्हा मोजूया" म्हणा. मोठ्या माणसाने चूक दुरुस्त करताना मुलांनी पाहणं चांगलंच आहे.

गटात नाव आहेच, तर शाळा व्यवस्थापन समितीचीही चौकशी करा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. तिथे बसायला शिक्षणाची अट नाही.

आकाशकंदिलाच्या तासाला तिसरीच्या वर्गात मदत केली. 40 मुलांपैकी 15 जणांचे कंदील फाटले, रडारड झाली. पुढच्या वर्षी काय बदलू?
*– एक आई, पुणे*

बहुतेक दोन ठिकाणी बिघडतं : कागदाच्या निवडीत आणि कापण्याच्या दिशेत.

कागद घोटीव घ्या, ए-फोर मापाचा. कार्डपेपर आठ वर्षांच्या मुलाच्या बोथट कात्रीला कापला जात नाही, आणि पतंगाचा कागद खळ लागताच फाटतो. 40 मुलांना 45 कागद लागतील, कारण चार-पाच वाया जाणारच. कात्र्या दोघांत एक धरल्या तरी 20 हव्यात, त्यातल्या दोन-तीन डावखुऱ्या मुलांसाठी. डावखुऱ्या मुलाच्या हाती साधी कात्री दिली की पाती कागद कापण्याऐवजी दुमडतात, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही.

कागद लांबीच्या बाजूने दुमडायचा, म्हणजे पट्टी साधारण 30 बाय साडेदहा सेंटिमीटरची होते. दुमडीपासून उघड्या कडेकडे, दोन-दोन सेंटिमीटरवर काप द्यायचे आणि उघड्या कडेला अडीच सेंटिमीटर शिल्लक ठेवायचे. मुलं नेमकी उघड्या कडेने कापायला लागतात आणि कागदाच्या झिरमिळ्या होतात. तुमचे 15 कंदील बहुधा इथेच गेले. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक कागदावर दोन खुणा करून ठेवा : दुमडीच्या बाजूला एक ठळक चांदणी आणि उघड्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर एक आडवी रेघ. "चांदणीपासून निघायचं, रेघेला थांबायचं," एवढीच सूचना. लांबलचक सूचना तिसरीतलं मूल अर्ध्यावर सोडून देतं.

उलगडून गोल करताना दोन सेंटिमीटर कड एकावर एक येऊ द्या आणि तिथे घट्ट डिंक बोटाने पातळ लावा. पातळ खळ लावली की कागद ओला होऊन वळतो. चिकटलेला भाग मुलाने मनात वीसपर्यंत मोजेस्तोवर दाबून धरायचा. स्टेपलर मोठ्यांच्याच हातात. वरची मूठ म्हणजे 20 सेंटिमीटरची पट्टी, तीही आधीच कापून ठेवा.

एका तासात 40 मुलं होत नाहीत. जोडतास मागा, सहा-सात मुलांचा एक गट करा आणि दर दोन गटांमागे एक मोठं माणूस ठेवा. आणि मुलाचा वाकडा कंदील सरळ करायला तुमचा हात वळला तर तो आवरा. घरी नेलेला सुबक कंदील आईने केलाय हे मुलाला पक्कं ठाऊक असतं.

शाळेत आहाराची चव घ्यायला पालकांना बोलावतात. चव घेऊन सही करायची, एवढंच काम आहे का?
*– एक पालक, कोल्हापूर जिल्हा*

सहीच्या आधी बरंच पाहण्यासारखं असतं. मध्यान्ह भोजनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची असते, त्यात किमान एक शिक्षक हवा. चव पातेल्याच्या मधून आणि तळातून घ्या. करपलं असेल तर तळाशी कळतं, मीठ कमी-जास्त असेल तर मध्ये. वरचा घास नेहमी बरा लागतो.

अंदाजाला आकडे लक्षात ठेवा : पहिली ते पाचवी दरडोई 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ-कडधान्य, 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवी 150, 30 आणि 75 ग्रॅम. त्या दिवशी पहिली ते पाचवीची 40 मुलं हजर असतील तर चार किलो तांदूळ, 800 ग्रॅम डाळ आणि दोन किलो भाजी शिजायला हवी. खिचडी पिवळी आहे पण डाळ हाताला लागत नाही, असं दिसलं तर नोंदवहीत तसंच लिहा, नुसतं 'चांगली' लिहू नका. स्वयंपाकीण ताईंशी वाद घालू नका. त्यांच्या हातात जेवढं दिलं जातं तेवढंच त्या शिजवतात, विचारायचं ते मुख्याध्यापकांना.

वाढताना पहिलीच्या मुलांना आधी बसवा. गरम पातेलं मुलांच्या रांगेतून नेऊ नका, पातेल्याकडे मुलं यायलाही नकोत, वाढणाऱ्याने बादलीतून थोडं-थोडं घेऊन ताटापर्यंत जायचं. एका नळावर 40 मुलांनी साबणाने हात धुवायला पंधरा मिनिटं सहज लागतात. म्हणून रांग सुट्टीच्या घंटेआधीच लावायला सांगा, नाहीतर शेवटची दहा मुलं न धुताच जेवायला बसतात.

वर्गातले फोटो गटावर टाकले म्हणून एका आईने मला बोल लावले. मुलांचे छानच तर फोटो होते. आणि एका मुलाचं वाचन अगदी मागे आहे, ते त्याच्या आईला सांगू का?
*– एक आई, नागपूर*

त्या आईचं बरोबर आहे. वर्गात मदतीला जाताना फोन दप्तरात ठेवा. फोटो काढायचे असतील तर बाई काढतील, शाळेच्या परवानगीने. एखाद्या घरात ताब्याचा वाद कोर्टात असतो, एखाद्या मुलाचा गणवेश, शाळेचं नाव आणि चेहरा एकत्र बाहेर जायला नको असतं, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. मुलाच्या घरी सांगायचं काम बाईंचं. तुम्ही वर्गात पाहिलं ते बाईंनाच सांगा. भाजीच्या गाडीवर निघालेलं "त्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत" हे वाक्य आठवड्याभरात त्या मुलाच्या कानावर येतं.

याला एकच अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. कुणी मूल तुम्हाला स्वतःला होणाऱ्या त्रासाबद्दल, नकोशा स्पर्शाबद्दल काही बोललं, तर शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने माहिती असलेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे, शाळा गप्प बसली तरी. 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनीही आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. मुलाच्या वर्गात दिवाळीबद्दल सांगायला बोलावलंय. लाडू-चिवडा नेऊ का?
*– एक आई, लेस्टर*

खायचं काही नेऊ नका, निदान शाळेला विचारल्याशिवाय तरी नाही. शेंगदाणे, काजू आणि तीळ या तिन्हींची अ‍ॅलर्जी तिथे शाळा फार गांभीर्याने घेतात आणि आपला फराळ या तिघांशिवाय होत नाही. मातीच्या पणत्या, रंग आणि बॅटरीचे छोटे दिवे न्या. रांगोळीला पावडरऐवजी रंगीत तांदूळ घ्या, झाडायला सोपे जातात. पुढे दर आठवड्याला जायचं ठरलं तर शाळा डीबीएस ही गुन्ह्यांच्या नोंदींची पूर्वतपासणी करून घेऊ शकते, स्वयंसेवकांकडून तिचं सरकारी शुल्क घेत नाहीत. ओळखपत्र आणि पत्त्याचे पुरावे जुळवायला वेळ जातो, तेव्हा महिनाभर आधी विचारा.

मी कारखान्यात पाळीवर असतो, दिवसा शाळेत जाणं जमत नाही. पत्नीचंही तसंच. आम्ही काय करावं?
*– एक बाबा, इचलकरंजी*

बाईंना विचारा, "घरी बसून करण्यासारखं काय आहे?" शब्दपट्ट्या कापणं, वर्गवाचनालयाच्या पुस्तकांना कव्हरं घालणं, फाटलेली पानं चिकटवणं, काड्यांचे गठ्ठे बांधणं, ही कामं शिक्षक रात्री घरी बसून करतात. शब्दपट्टी करायची तर जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू वापरा. दहा बाय सात सेंटिमीटरची पट्टी, काळ्या स्केचपेनने अक्षर किमान तीन सेंटिमीटर उंच, वर रेघ आणि उभे दांडे तिला खालून नीट टेकलेले. रफार आणि अनुस्वाराला वर जागा सोडा, नाहीतर ते कडेला चिकटून अर्धे कापले जातात. शब्द मात्र बाईंकडून घ्या, त्या कोणती जोडाक्षरं शिकवतायत त्यावर ते अवलंबून आहे. एका संचात 30 पट्ट्या, आणि सहा मुलांच्या प्रत्येक गटाला एक संच. पट्ट्यांच्या मागे संचाचा क्रमांक लिहा, म्हणजे तास संपल्यावर जमिनीवर पडलेली पट्टी कोणत्या पाकिटात घालायची ते मुलांनाच कळतं.